उतारावर जरा 'रार'

हुल्टाबू, ४ मार्च १९८४

प्रिय हाल्वर,

नाताळच्या कार्डाला मार्चमध्ये उत्तर देणारी आतेबहीण तुला एकच आहे, तेव्हा रागावू नकोस. कार्डावरचं तुझं अक्षर बघून फोल्के म्हणाला, "हे याने एका हाताने वल्हं मारत लिहिलंय वाटतं." मी त्याला म्हटलं, "पंचावन्नाव्या वर्षी माणसाचं अक्षर बिघडायचंच, तुझं तर लग्नाआधीपासून बिघडलेलं आहे." नवऱ्याला एवढं ऐकवायलाच हवं.

आता कामाचं. फोनच केला असता, पण फोनवर तू बोललेलं मला निम्मं कळतं आणि मी बोललेलं तुला तेवढंही नाही. कागदावर आपल्या दोन भाषा तरी सख्ख्या बहिणी वाटतात. अर्थात 'रूलिग'चा घोटाळा मी विसरलेले नाही. आईच्या अंत्यविधीहून परत गेल्यावर तू लिहिलंस, की सगळं फार 'रूलिग' झालं. तुमच्या नॉर्वेत रूलिग म्हणजे शांत. आमच्या स्वीडनमध्ये रूलिग म्हणजे मजेशीर! आत्याच्या अंत्यविधीत याला मजा वाटली म्हणून मी दोन महिने तुझ्यावर फुगून बसले होते.

तर बाबांचं तळ्याकाठचं कुरण. तू बघितलंस तेव्हा तिथे गाई होत्या. आता तीस वर्षांत दहा एकरांचं रान झालंय. बर्च आणि स्प्रूसची झाडं एकमेकांत घुसलीत, मध्ये दगड, मध्ये जुने बुडखे. आमची लेक डीसा चाळीस मेंढ्या पाळते हे तुला माहीत आहे. तिने भाड्याने घेतलेली जमीन मालकाला परत हवी आहे. पंधरा मेला चाळीस मेंढ्या घेऊन ती इथे येणार, आणि तोवर ते रान मोकळं झालं नाही तर मेंढ्या विकाव्या लागतील. फोल्के म्हणतो, "मी करतो." एकसष्ट वर्षांचा माणूस, एक गुडघा धड वाकत नाही, आणि म्हणे मी करतो.

छोटा ट्रॅक्टर घ्यायचा हे ठरलंय. मोठा त्या झाडांत वळणार नाही. दोन बघून ठेवलेत. एक निळा, शहरातल्या दुकानात, नवा. दुसरा लाल, तीन वर्षं वापरलेला. तुझ्याकडे होता ना, अगदी त्याच बनावटीचा. तुझा तू गेल्या शरदात विकलास म्हणे, का ते काही बोलला नाहीस.

मला घोर आहे तो तळ्याकडच्या उताराचा. बाकी जमीन बरी आहे, पण शेवटचे तीन एकर सरळ पाण्याकडे उतरतात. गेल्या वर्षी आमच्या चर्चमधला एक जण अशाच उतारावर ट्रॅक्टरखाली गेला. तो चपळ होता. फोल्केला तर खुर्चीतून उठायलाही दोन प्रयत्न लागतात. मला नांगी टाकणारं यंत्र चालेल, नवरा घेऊन जाणारं नको. तुला यातलं कळतं. तू म्हणशील तोच घेऊ.

तुझी,
तीरा


ब्रेक्के, ११ मार्च १९८४

तीरा,

तुझं पत्र कालच्या बोटीने आलं. उद्या मी बर्गेनला निघतोय, थोडं काम आहे, म्हणून घाईत लिहितो. अक्षराला हसायचं तर हसा, पण वाचा.

पहिली गोष्ट, हॉर्सपॉवर विचारू नका. दुकानदार तोच आकडा सांगतो कारण तो मोठा दिसतो. वजन विचारा. पुढच्या लोडरच्या बादलीत बुडखे भरले की सगळा भार पुढच्या चाकांवर जातो आणि मागची चाकं हलकी होतात. ब्रेक असतो मागच्या चाकांना. ती जमीन सोडू लागली की ब्रेक असून नसल्यासारखा. म्हणून मागे काँक्रीटचा ठोकळा बांधायचा, उतारावर चारही चाकांना जोर जोडलेला हवा आणि गिअर सगळ्यात खालचा. बादली जमिनीपासून वीतभर. लोक ती छातीएवढी उचलून मिरवतात.

पोटाखाली जाड पत्रा लावून घ्या. रानात खालून फांदी घुसते आणि तेलाची नळी तोडते. चाकांच्या हवेच्या व्हॉल्व्हनाही झाकणं हवीत. बुडखा ओढायचा तर साखळी मागच्या सगळ्यात खालच्या हुकाला. वर बांधली तर ट्रॅक्टर पुढून उभा राहतो आणि चालवणाऱ्याच्या अंगावर पडतो. जोर लावून बुडखा उपटायला जाऊ नका, आधी मुळं तोडा. आणि डोक्यावरची लोखंडी कमान दुमडायची नाही, ट्रॅक्टर आडवा झाला तर माणूस चिरडू नये म्हणून ती असते. फांद्या अडकतात म्हणून सगळे दुमडतात. फोल्केला सांग, त्याने दुमडली तर मी येऊन त्याला दुमडीन.

आता तुझे दोन ट्रॅक्टर. निळा मी शेजाऱ्याकडे चालवून बघितलाय. जड, हळू, कंटाळवाणा. त्याच्यावर बसलं की झोप येते. लाल माझ्याकडे होता. जोर चांगला, झाडांमधून मांजरासारखा निघतो. उतारावर जरा रार आहे. तेवढं ध्यानात घ्या आणि काय ते ठरवा. त्याच्याबद्दल याहून जास्त लिहावंसं वाटत नाही.

डीसाला आशीर्वाद.

हाल्वर


हुल्टाबू, १८ मार्च १९८४

प्रिय हाल्वर,

झालं! लाल घेतला.

तुझं पत्र मी जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचलं. मागच्या चाकांचं आणि ब्रेकचं वाचताना मी फोल्केकडे बघत होते, फोल्के बटाट्यांकडे बघत होता. खरं सांगायचं तर मी आधीपासून निळ्याच्या बाजूने होते. झोप आणणारं यंत्र मला चाललं असतं. पण मग तुझं ते वाक्य आलं, की लाल उतारावर जरा 'रार' आहे, आणि फोल्केने काटा टेबलावर आपटला. "ऐकलंस? ज्या माणसाने जन्मात फक्त एका कुत्र्याचं कौतुक केलं, तो यंत्राला रार म्हणतोय!"

आम्ही हसून हसून बेजार झालो, हाल्वर. आम्ही रार म्हणतो ते म्हाताऱ्या घोड्याला, शेजारच्या आजीबाईंना, पाळण्यातल्या बाळाला. गुणी गं बाई, कुणाला त्रास नाही, असं. तू कधी इतका हळवा झालास? आणि वर लाजून म्हणतोस, जास्त लिहावंसं वाटत नाही. पण मला उताराचाच घोर होता आणि नेमकी उताराचीच हमी तू दिलीस, मग मी कशाला अडून बसू? डीसाही म्हणाली, मामा उगाच कुणाला चांगलं म्हणत नाही.

निळ्याच्या दुकानदाराला फोल्केने तोंडावर सांगितलं, की तुमच्या ट्रॅक्टरवर झोप येते. त्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. शनिवारी लाल घरी येईल. मागचा ठोकळा फोल्के स्वतः ओततोय, त्यात त्याने माझी जुनी कढईही घातली. वजनाला, म्हणे.

आता मला रात्री झोप लागते. तुझे आभार कसे मानू?

तीरा


हुल्टाबू, ५ एप्रिल १९८४

प्रिय हाल्वर,

अठरा दिवस झाले, तुझी एक ओळ नाही. दोनदा फोन केला, नुसता वाजत राहिला. अजून बर्गेनलाच आहेस? तिथे काय राजाने बोलावलं होतं की काय?

रान उघडतंय. वरचे सात एकर जवळजवळ मोकळे झाले. फोल्के कापतो, मी आणि डीसा फांद्या ओढतो, ट्रॅक्टर बुडखे बाहेर नेतो. परवा एका बुडख्याखाली बाबांच्या विळ्याची पात सापडली. मी ती धुऊन खिडकीत ठेवली आहे. तीस वर्षांनी तिथे ऊन पडलंय, हाल्वर. मी दोन मिनिटं नुसती उभी राहिले, मग फोल्के ओरडला, की मजुरी उभं राहायची मिळत नाही.

पण एक विचारायचंय. मंगळवारी छोट्या चढावरून उतरताना गिअरचा दांडा आपोआप सटकला. कोणी हात लावला नव्हता. खट् असा आवाज झाला आणि ट्रॅक्टर दोनेक हात पळाला. मागचं एक चाक वर उचललेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. खाली सपाट होतं म्हणून थांबला. फोल्के म्हणतो, नवं बिऱ्हाड आहे, ओळख व्हायला वेळ लागतो. काल पुन्हा तसंच झालं. मी म्हटलं, थांबू या, कुणाला तरी दाखवू या. तर म्हणतो, "हाल्वरने रार म्हटलंय ना? मग? मला कळतं की तुझ्या मामेभावाला?"

आणि त्याने कमान दुमडली आहे. स्प्रूसच्या फांद्या अडकत होत्या. तू दुमडायला येणार होतास, त्याची आठवण मी करून दिली. तो म्हणाला, येऊ दे.

सोमवारपासून तळ्याकडचा उतार. पंधरा मे जवळ येतोय आणि कुंपण अजून व्हायचंय, त्यामुळे मीही फार ताणून धरलं नाही. तुझ्या शब्दावर डोळे मिटून बसले आहे. पण तुझ्याकडच्या लालचाही दांडा असा सटकायचा का? दोन ओळी लिही. एक ओळ लिही.

तीरा


तार
९ एप्रिल १९८४, सकाळी ८.५५

श्रीमती तीरा एकमार्क, हुल्टाबू.
आपण ट्रॅक्टर तत्काळ थांबवावा. उतारावर नेऊ नये. आमच्या देशी रार शब्दाचा अर्थ वाईट आहे. आपणास विनंती की धावावे.
हाल्वर


ब्रेक्के, ९ एप्रिल १९८४

तीरा,

सकाळी आठच्या बोटीने उतरलो. शेजारणीने माझं टपाल बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवलं होतं, तो डबा तिने धक्क्यावरच हातात दिला. तुझी दोन्ही पत्रं मी तिथे उभ्यानेच वाचली. दुसऱ्यात सोमवार वाचला. आज सोमवार.

आमच्याकडे रार म्हणजे गुणी नाही. रार म्हणजे तऱ्हेवाईक. कुठेतरी बिघडलेलं, ज्याचा भरवसा नाही असं. गाय चारा टाकून भिंतीकडे बघत उभी राहिली की आम्ही म्हणतो, ही आज रार आहे, आणि गुरांच्या डॉक्टरला बोलावतो. मला वाटलं, उतारावर रार म्हटलं म्हणजे तू त्या यंत्राच्या जवळपासही जाणार नाहीस. रूलिगचा उलगडा झाल्यावर आपण एवढे हसलो, आणि हा शब्द तसाच आपल्या दोघांच्या मधून निसटला.

पण दोष शब्दाचा नाही. खरं काय ते आता लिहितो.

मी माझा लाल ट्रॅक्टर विकला नाही. तो ऑक्टोबरमध्ये उलटला. बर्चचे ओंडके बादलीत घेऊन वरच्या रानातून उतरत होतो. दांडा खट्‌कन सटकला, अगदी तू लिहिलंस तसा. मागची चाकं उचलली. ब्रेक दाबला, काही झालं नाही. कमान मीच दुमडून ठेवली होती. मी उडी मारली, पण उजवा हात खाली राहिला. दोन तास तसा होतो. शेजारणीचा कुत्रा भुंकला म्हणून लोक आले.

नाताळचं कार्ड मी डाव्या हाताने लिहिलं, हे पत्रही. मार्चमध्ये बर्गेनला जे काम होतं ते उजव्या हाताचंच. डॉक्टरांनी सहा महिने तो हात वाचवायला बघितलं, नाही वाचला. आता तो मनगटापर्यंत आहे.

तुला कळवलं नाही. का, ते विचारशील. तू सात वर्षांची असताना कुऱ्हाड कशी धरायची ते मी तुला शिकवलं. तू मला लिहितेस, तुला यातलं कळतं. त्या माणसाने लिहायचं, की मला कळत नव्हतं? मी कमान दुमडली, मी ठोकळा बांधला नव्हता, मी दांड्याचा आवाज तीन आठवडे ऐकूनही चालवत राहिलो? मला लाज वाटली. म्हणून एक छोटा शब्द लिहिला आणि तुलाच समजून घ्यायला सोडलं. 'उलटला' असं लिहिलं असतं तर तुला दुसरं काही समजलंच नसतं.

तारेतली भाषा बघून हसू नकोस. माझ्याकडे स्वीडिशचं एकच पुस्तक आहे. तुझ्या आईने लग्न ठरल्यावर शिकायला घेतलेलं, ती इथे विसरून गेली होती ते. पुन्हा काही वेगळं समजायला नको, म्हणून एकेक शब्द त्यातून शोधून घातला.

आता दुपारचे दोन वाजलेत. मी सव्वाआठपासून फोन करतोय. तुमच्याकडे वाजतोय, कोणी उचलत नाही. मधे दोन ओळी लिहितो, पुन्हा फिरवतो. तीरा, उचल.

हाल्वर


हुल्टाबू, १० एप्रिल १९८४

प्रिय हाल्वर,

काल संध्याकाळी फोनवर आपण दोघं नुसते ओरडत होतो. बरं झालं, की 'जिवंत' हा शब्द दोन्ही भाषांत सारखाच निघाला. बाकीचं आता लिहिते. रात्रभर जागी आहे, तेव्हा आज माझ्या अक्षराला तू हस.

आम्ही साडेसहालाच रानात गेलो होतो. डीसा मेंढ्यांकडे होती. अकराच्या सुमाराला मी कॉफी करायला घरी आले. कॉफीला उशीर झाला होता, कारण मी सकाळपासून त्या उताराच्या डोक्यावरून हललेच नव्हते. दोन खेपा नीट झाल्या होत्या. आता तिसरी, म्हटलं जाऊन येऊ.

किटली ठेवली आणि टपालवाल्याची गाडी थेट दारात आली. एरवी तो रस्त्यावरच्या पेटीत टाकून जातो. तार हातात दिली. हाल्वर, मी अर्थापर्यंत पोचलेच नाही. मी पहिला शब्द वाचला, 'आपण', आणि तिथेच अडकले. आयुष्यभर तू मला तू म्हणत आलास, मी सात वर्षांची असताना मला बोटीतून पाण्यात ढकललंस, आणि आता मला आपण? शिवाय स्वीडिशमध्ये? ज्याने स्वतःच्या आत्यालासुद्धा कधी एक स्वीडिश शब्द लिहिला नाही, तो हट्टी माणूस असं लिहितोय म्हणजे काहीतरी भयंकर झालंय. एवढं मला कळलं आणि मी पळाले.

दारातून परत फिरले. कारण मला माझा नवरा माहीत आहे. कानांवर ते आवाज रोखणारे गोळे लावून बसतो. मी हाका मारल्या तर ऐकू येणार नाही. हात केले तर तो उलट हात करतो आणि पुढे जातो, रोज हेच चालतं. मग टेबलावरची कॉफीची टोपली उचलली, तो थांबतो तो तिलाच बघून. रिकामी. थर्मास चुलीपाशीच राहिला होता. टोपली घेऊन धावले.

मी कुरणाच्या वरच्या कडेला पोचले तेव्हा तो उताराच्या तोंडाशी होता. बादलीत तीन बुडखे. कमान दुमडलेली. पुढची चाकं खाली वळली होती. मी ती टोपली दोन्ही हातांनी डोक्यावर धरली आणि उभी राहिले. देवा, याला बघू दे. त्याने बघितलं. मग घड्याळ बघितलं. मग थांबला!

ब्रेक लावला, इंजीन तसंच चालू ठेवलं, बादली खाली टेकवायचीही घाई केली नाही, कारण कॉफी. गुडघा धरत उतरला आणि लंगडत माझ्याकडे आला. वीसेक पावलं असतील. टोपलीत डोकावला आणि म्हणाला, "यात काहीच नाही." मी त्याच्या खांद्यावरून बघत होते.

खट् आवाज झाला. तो एवढासा आवाज मला कसा ऐकू आला कोण जाणे. ट्रॅक्टर आधी अगदी हळू निघाला. मागची चाकं गवतावरून नुसती घसरत होती, ब्रेक लावलेला असून. मग मागची बाजू वर उचलली गेली. मोठ्या दगडापाशी तो आडवा झाला, दोन कोलांट्या खाल्ल्या आणि खाली दलदलीत उताणा पडला. इंजीन थोडा वेळ गुदमरत राहिलं. जिथे फोल्के बसायचा ती सीट पूर्ण चिखलात गेली आहे. आज सकाळी मी जाऊन बघून आले. वर फक्त चाकं दिसतात.

फोल्केने पुन्हा एकदा टोपलीत बघितलं. मग म्हणाला, "कॉफी नाहीच आहे?" मी त्याला एक मुस्कटात मारली. छत्तीस वर्षांच्या संसारात पहिली. आणि मग आम्ही दोघं शेवाळावर बसून रडलो. डीसा आली तरी आम्ही तसेच बसलेले होतो. म्हणून फोन कोणी उचलला नाही.

काल तू फोनवर हात, हात असं काहीतरी सारखं म्हणत होतास. मला कळलं नाही. आमचे हात ठीक आहेत. पण तुला हे माहीत कसं होतं, हाल्वर? तुझा तो लाल ट्रॅक्टर तू का विकलास?

तीरा


हुल्टाबू, १४ एप्रिल १९८४

हाल्वर,

मी पत्रं लिहीत नाही हे तुला माहीत आहे. पण तुझं पत्र आल्यापासून तीरा ते घेऊन कोठारात जाऊन बसते आणि डोळे लाल करून येते, म्हणून मी लिहितो.

ती रागावली आहे. ट्रॅक्टरवरून नाही. हातावरून. सहा महिने तू एकट्याने काढलेस आणि आम्ही इथे तुझ्या अक्षराला हसत होतो. वल्ह्याचं मी बोललो होतो. ते मागे घेतो.

तू कमान दुमडलीस. मीही दुमडली. तू खट् ऐकलंस, मीही ऐकलं. दोघांत शहाणा कोण ते ठरवता येणार नाही.

निळा भाड्याने आणला आहे. दुकानदाराने फक्त विचारलं, झोप कशी लागते. उताराचे तीन एकर राहिलेत. मी वरून खाली बघू शकत नाही, बादली आड येते. खाली उभं राहून 'थांब' म्हणणारा माणूस हवा. तीराला जमत नाही, ती सारखीच थांब म्हणते. ज्याला खरोखर कधी थांबायचं ते माहीत आहे असा हवा.

त्याला एक हात पुरतो.

फोल्के


ब्रेक्के, १९ एप्रिल १९८४

फोल्के आणि तीरा,

पत्र चारदा वाचलं.

यावंसं वाटतं. पण मला आता माणसांत बसवत नाही. दुकानात गेलो की लोक आधी बाहीकडे बघतात, मग पटकन माशांच्या भावाकडे. ब्रेडला लोणी लावायला पाव तास जातो. बुटाची नाडी बांधता येत नाही, शेजारीण बांधते आणि तेव्हा तिच्या केसांकडे बघत बसावं लागतं. तुमच्याकडे मेंढ्या यायच्यात, कुंपण व्हायचंय. त्यात मला कुठे सांभाळता?

निळा कसा चालतो ते मात्र कळवा. उतारावर कसा आहे? यावेळी मला एकच शब्द लिहू नका.

हाल्वर


हुल्टाबू, २४ एप्रिल १९८४

हाल्वर,

मी अजून रागावलेलीच आहे, आणि तू इथे येऊन माझ्यासमोर बसल्याशिवाय तो राग जाणार नाही. म्हणून तुझं एकही कारण मी ऐकणार नाही. नाडीचे बूट आणूच नकोस. इथे रानात सगळे रबरी बूट घालतात, पाय घातला की झालं. लोणी मी लावीन. चाळीस मेंढ्या सांभाळायच्याच आहेत, त्यात एक एकेचाळिसावा. बाहीकडे मी बघणार, आधीच सांगते, चांगली निरखून बघणार आणि रडणारही. मग कॉफी पिऊ. टोपली भरलेली असेल.

तीस एप्रिलची रात्रगाडी घे. एक मेला सकाळी फोल्के स्टेशनवर उभा असेल. तिकीट सोबत पाठवते आहे, म्हणजे नाही म्हणायची सोय नाही.

आता निळा. एक शब्द नको म्हणालास म्हणून सविस्तर लिहिते. कमान उभी आहे, मी स्वतः तिला तारेने बांधली आहे आणि पक्कड लपवून ठेवली आहे. मागे ठोकळा आहे, माझ्या कढईसकट, तो दलदलीतून काढून आणला. बादली वीतभर. गिअर सगळ्यात खालचा, दांडा जागचा हलत नाही. काल मी उताराच्या पायथ्याशी उभी राहून दोन तास बघत होते. तो इतका हळू उतरतो, की मध्ये फोल्केने जांभई दिली. मला ती जांभई बघून देवाचे आभार मानावेसे वाटले.

निळा उतारावर फार रूलिग आहे, हाल्वर. तुमच्या अर्थाने. तू आलास म्हणजे आमच्याही अर्थाने होईल.

तुझी,
तीरा